वीट, लोड आणि दोनशे तास

अय्यंगार पद्धतीच्या कुठल्याही योगवर्गात डोकावलं तर माणसांच्या आधी सामान दिसतं. लाकडी विटा, लोड, घड्या घातलेल्या चादरी, पट्टे, भिंतीला टांगलेले दोर. नवख्याला वाटावं, गादीवाल्याच्या दुकानात आलो. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याने विटेवर टेकवावा, जमीन वर आली असं समजावं, हा त्यामागचा विचार; आणि त्याचं जगभर कौतुक होतं. पंढरपूरकराला मात्र यात नवल वाटायचं कारण नाही. इथे एक जण अठ्ठावीस युगं विटेवरच उभा आहे. दोन्ही पाय सम, हात कटेवर. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग निघतो, चोवीस तास दर्शन सुरू होतं, तेव्हा विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या दिला जातो. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते: पायांना लिंबू-साखर, गरम पाण्याचं स्नान आणि शीण जावा म्हणून काढा. वीट, लोड, सरावानंतरची काळजी, सगळं जागच्या जागी. बी. के. एस. अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योगा’ या १९६६ सालच्या ग्रंथात पहिलंच आसन ताडासन आहे. त्यालाच समस्थिती म्हणतात, म्हणजे नुसतं नीट उभं राहणं. आमच्या देवाने पहिला धडा घेतला तो अजून चालू आहे, दुसऱ्यावर जायची त्याला घाई नाही.

यावरून विठ्ठल हा आद्य योगशिक्षक होता असं सिद्ध करायला मी निघालेलो नाही. त्या कामाला माणसं भरपूर आहेत आणि त्यांचे फॉरवर्ड रोज सकाळी येतात. माझं म्हणणं बरंच व्यवहारी आहे. योगाचे जे काही फायदे आहेत ते सगळ्यांत खात्रीने मिळतात ते योग शिकवणाऱ्याला. शिकणाऱ्यालाही मिळतात, पण तो वर्गाला आला तर. आणि तो येत नाही. पंढरपुरात तर न येण्याची कारणं पंचांगातच छापलेली असतात. एकादशीला उपासाचा अशक्तपणा, द्वादशीला पारण्याची सुस्ती, आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला. वर्षाच्या चार वाऱ्या आल्या की घरभर पाहुण्यांच्या वळकट्या, त्यांतून शवासनाला जागा काढायची कुठून? शिक्षकाला यातलं एकही कारण चालत नाही. पहाटे पावणेसहाला हॉलच्या दाराशी सहा जण बगलेत सतरंज्या मारून उभे असतात आणि कुलपाची चावी त्याच्या खिशात असते. मला विचाराल तर अष्टांगयोगात यमाच्याही आधी एक अंग घालायला हवं होतं: चावी.

पुरावा म्हणून थेट अय्यंगारांनाच घेऊ. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्मलेलं हे पोर मलेरिया, टायफॉइड आणि क्षय अशी एकेक इयत्ता पार करत मोठं झालं. १९३७ साली मेहुण्यांनी, म्हणजे म्हैसूरच्या योगशिक्षक कृष्णमाचार्यांनी, सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांना पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं. वय अठरा, इंग्रजी जेमतेम, मराठी शून्य, आणि समोर जी पोरं होती ती अंगाने त्यांच्यापेक्षा भक्कम. अशा वेळी माणसापुढे दोनच वाटा असतात, म्हैसूरची गाडी पकडणं किंवा उद्या जे दाखवायचं ते आज रात्रीत स्वतःला जमवणं. त्यांनी दुसरी धरली, तासन्‌तास एकट्याने सराव केला, सहा महिन्यांसाठी आले ते पुण्याचे होऊन राहिले आणि ९५ वर्षं जगले. हेच अय्यंगार डेक्कनवर विद्यार्थी म्हणून आले असते तर पहिल्या सर्दीला वर्ग सुटला असता अशी माझी खात्री आहे.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे दुसरं उदाहरण. राजेसाहेबांनी आधी सँडो या शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम करून पाहिला, मग सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांना सूर्यनमस्कार सक्तीचे केले. आटपाडीसुद्धा त्याच संस्थानात; म्हणजे हे काही पंढरपूरपासून फार लांबचं प्रकरण नाही. आता प्रजेच्या पोरांना सक्ती केल्यावर राजाला लोळत पडण्याची सोय राहत नाही. ते स्वतः आयुष्यभर रोज नमस्कार घालत राहिले आणि १९३८ साली लंडनहून त्यावर इंग्रजी पुस्तकही काढून मोकळे झाले. स्वामी कुवलयानंदांची तऱ्हा निराळी. माधवदास महाराजांकडे शिकून आलेल्या या माणसाने १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत नेला. नौली करताना पोटात अंशतः निर्वात पोकळी तयार होते हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं. गुरुदक्षिणेत लोक गाई देत, जमिनी देत. पोकळी देणारा शिष्य हा एकच. पण मोजायचं तर नौली पुन्हा पुन्हा करावी लागते, हे आपल्या मुद्द्याला धरूनच आहे.

आता कोणी म्हणेल, ही थोर माणसं झाली, सामान्यांच्या कंबरेचं काय? सिॲटलच्या संशोधकांनी २०११ साली कंबरदुखीच्या २२८ रुग्णांचे तीन गट केले. एकाला बारा आठवडे योगाचे वर्ग, दुसऱ्याला तेवढेच दिवस साध्या ताणाच्या व्यायामाचे वर्ग, आणि तिसऱ्याला घरी वाचायला एक पुस्तक. योगवाल्यांच्या कंबरा सुधारल्या. व्यायामवाल्यांच्याही जवळजवळ तितक्याच सुधारल्या. मागे राहिले ते पुस्तकवाले. यावर योगाचे विरोधक खूश झाले की योगात वेगळं काही नाही, आणि योगाचे भक्त हा निष्कर्ष सांगायचाच टाळतात. दोघांनाही मधली गोष्ट दिसत नाही: ज्यांना ठरल्या वारी ठरल्या वेळी कोणाच्या तरी समोर हजर व्हायचं होतं त्यांना गुण आला. पुस्तक कोणाची वाट पाहत नाही. आपल्याकडे पारायणालासुद्धा माणसं व्यासपीठाभोवती गोळा होऊन बसतात, ती काय घरी ज्ञानेश्वरी नाही म्हणून? ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं, तर पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. एका पायावर उभं राहिल्याने यमदूत परत जातो असा याचा अर्थ नाही; पण वृक्षासन शिकवणारा बाबा रोज सकाळी ही परीक्षा सहा जणांसमोर देतो, आणि डुगडुगला तर सहा जण हसतात, एवढं खरं.

मग शिक्षक होण्याला काय लागतं? केंद्राच्या योग प्रमाणन मंडळाच्या पायऱ्या आहेत. तळाजवळ ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’, त्याचा अभ्यासक्रम २०० तासांचा. वर चढत गेलं की शेवटी ‘योग मास्टर’, १६०० तास. दोनशे हा आकडा अमेरिकेच्या योग अलायन्सनेही धरलेला आहे, त्यामुळे तो आता गोत्रासारखा सांगितला जातो. पंढरपूरच्या मापाने हिशोब करून पाहू. आळंदीहून निघालेली पालखी अठरा-एकोणीस दिवस चालते. दिवसाला सहा तास चाल धरली तर एका वारीचे शंभराच्या वर तास होतात. वर फुगडी, पावली, हुतूतू हे प्रात्यक्षिक, आणि संध्याकाळचं कीर्तन हा तात्त्विक भाग. दोन वाऱ्यांत इन्स्ट्रक्टर, पंधरा वाऱ्यांत मास्टर. तीस वाऱ्या केलेली म्हातारी चंद्रभागेच्या वाळवंटात नऊवारीचा काचा मारून उकिडवी बसते आणि तासभर तशीच राहते. तिला मालासन हे नाव सांगितलं तर ती आधी विचारील, कुठल्या मठाचं?

अर्धवट शिकलेला शिक्षक घातक, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शीर्षासन सगळ्यांना उत्साहाने करायला लावणारे शिक्षक आहेत. काचबिंदू झालेल्याने, रक्तदाब चढलेल्याने डोक्यावर उभं राहू नये. हर्नियावाल्याने पोटावर जोर देऊ नये. मणक्याची झीज झालेल्याला मान मागे टाकायला लावू नये. प्रशिक्षणाची खरी कसोटी इथे लागते. माझ्या मते त्या दोनशे तासांतले निम्मे तास ‘तुम्ही हे करू नका’ हे वाक्य न दुखावता म्हणायला शिकवण्यात जावेत, कारण आपल्याकडे साठीच्या गृहस्थाला ‘नको’ म्हटलं की तो ते आव्हान समजतो आणि घरी जाऊन भिंतीशी करून बघतो. हठप्रदीपिकेत आसनं मोजकी पंधरा सांगितली आहेत. तेवढी धड शिकवली तरी पुष्कळ झालं. आजच्या भिंतीवरच्या तक्त्यांत ती शंभरावर गेली आहेत आणि त्यातली निम्मी फोटोसाठी आहेत. अर्थात हा आक्षेप मान्य केल्याने माझा मुद्दा पडत नाही. शिक्षकाला शिकवायचं म्हणून दुसऱ्याची मान, दुसऱ्याचा गुडघा बारकाईने पाहावा लागतो, आणि असं पाहता पाहता एक दिवस त्याला स्वतःचा गुडघा दिसतो.

दुसरा आक्षेप वैराग्यवाल्यांचा. चार लोक काय म्हणतील म्हणून केलेला योग हा कसला योग, लाजेपोटी केलेली साधना ती? ऐकायला फार उंच वाटतं. पण पतंजलींच्या दोनशेला थोड्या कमी असलेल्या सूत्रांत आसनांच्या वाट्याला जेमतेम तीन आली आहेत, आणि अभ्यासाबद्दल त्यांची अट अशी की तो दीर्घकाळ, मधे खंड न पडता आणि आदराने व्हावा. दीर्घकाळ जमतं, आदरही जमतो. घोळ होतो तो खंडापाशी. आतून उमाळा येऊन रोज पहाटे उठणारी माणसं असतील, पण त्यांच्यावर योजना आखता येत नाही. वारकऱ्यांना हे शेकडो वर्षांपूर्वी कळलं, म्हणून त्यांनी उमाळ्यावर काही सोडलं नाही. गळ्यात माळ घातली की वारी आली. नाही गेलं तर गाव विचारतं. दिंडीला नंबर दिला, पुढे-मागे जागा ठरवली, चोपदार नेमला. पाय दुखतोय हे कारण सांगायचं तर कोणाला सांगणार, सगळ्यांचेच दुखत असतात.

याच वारकऱ्यांनी तर योगयागाची खटपट नको, नाम पुरे म्हणून सांगितलं, त्यांचा दाखला योगाला कसा चालेल? हा आक्षेप घेणाऱ्याने ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बघावा. नाथपंथातून आलेल्या ज्ञानदेवांनी कुंडलिनीचं वर्णन इतक्या तब्येतीने केलं आहे की कळतं, हा माणूस खटपट ओळखून ती सोपी करायला निघाला होता. आणि चांगदेव आहेतच. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेला हा महापुरुष, पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तेव्हा आशीर्वाद लिहावा की नमस्कार हे ठरेना, म्हणून कोरा कागद पाठवला, अशी कथा आहे. शेवटी गुरू म्हणून मिळाली ती चिमुरडी मुक्ताबाई. म्हणजे शिक्षकाचं वय आणि शिष्याच्या सरावाचे तास यांचा हिशोब आपल्याकडे तेव्हापासूनच जुळत नाही.

सगळेच शिक्षक झाले तर शिष्य कोण, हा शेवटचा प्रश्न पंढरपुराबाहेरचाच माणूस विचारू शकतो. वारीत भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला माऊली म्हणतो आणि पाया पडतो. पाया पडून घेणारा लगेच वाकून तेच करतो. दिवसभरात अशी किती उत्तानासनं होत असतील कोण जाणे. गुरू-शिष्याची वाटणी दर दोन पावलांना बदलते आणि कुणाचं काही अडत नाही.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. ज्याचा पहारा असेल त्याने ती गळ्यात घालून उभं राहायचं, तार छेडत नाम घेत राहायचं आणि पुढचा येऊन पाया पडला की त्याच्या गळ्यात घालायची. उमाळा, प्रकृती, मूड असला कुठलाही प्रश्न तिथे विचारला जात नाही. पाटीवर खडूने नावं आणि वेळा लिहिलेल्या असतात. दोन ते चार हा पहारा कोणाला आवडत नाही, म्हणून तो बहुधा नव्या माळकऱ्याच्या माथी येतो. समई मंद झालेली, टाळकरी भिंतीला टेकून पेंगताहेत. हा खांद्यावरचा पट्टा सारखा करतो, उजव्या टाचेवरचा भार हळूच डावीकडे नेतो, मग पुन्हा दोन्ही पाय सम. पाटीवर चार वाजताच्या पुढे ज्याचं नाव आहे तो कोपऱ्यात घोंगडीत घोरतो आहे, आणि याला तर त्याला उठवायला जाता येत नाही.