स्वतंत्र प्रवासी आणि शेवटची होडी

क्रूझवरच्या प्रवाशांचे दोन वर्ग मानण्याचा प्रघात आहे. जहाजाने आखलेली सहल विकत घेऊन, छातीवर बसक्रमांकाचे स्टिकर चिकटवून, गाइडने उंच धरलेल्या फलकामागून निमूट चालणाऱ्यांचा एक. आणि असल्या मेंढरांच्या कळपात आपण कदापि सामील होणार नाही, असे जहाजावर चढण्यापूर्वीच नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला कळवून ठेवलेल्यांचा दुसरा. या दुसऱ्या वर्गातील व्यक्तीला प्रस्तुत लेखात ‘स्वतंत्र प्रवासी’ असे म्हटले आहे. तिचे स्वातंत्र्य सकाळच्या होडीत पाय ठेवल्यापासून दुपारची शेवटची होडी सुटेपर्यंत टिकते, आणि त्यातला किती भाग रांगेत उभे राहण्यात खर्ची पडतो हे बंदरागणिक बदलते. एजियन समुद्रातले सांतोरिनी हे ग्रीक बेट अभ्यासकाला या दृष्टीने विशेष सोयीचे आहे, कारण तेथील रांगेला भूगर्भशास्त्रीय कारणे आहेत.

इ. स. पू. १६००च्या सुमारास येथे झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकात बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. उद्रेकाने पोट रिते झाल्यावर जमीन खाली बसून जो विस्तीर्ण खळगा तयार होतो त्याला कॅल्डेरा म्हणतात. सांतोरिनीचा कॅल्डेरा पाण्याने भरलेला असून साडेतीनशे मीटरांहून अधिक खोल असल्यामुळे मोठ्या क्रूझ जहाजाला तेथे सरळ नांगर टाकून उभे राहता येत नाही आणि कड्याखालच्या जुन्या बंदराला त्याच्या मापाचा धक्काही नाही. जहाज मग पाण्यावर तरंगत थांबते व प्रवाशांना टेंडर नावाच्या लहान होड्यांतून किनाऱ्याला नेऊन सोडले जाते. महाराष्ट्रातला माणूस मुळात लाव्हाच्या थरांवरच जन्मतो, वाढतो आणि रविवारी त्यांवरच चढायला जातो. परंतु दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवून गेल्यामुळे ज्वालामुखी हे प्रकरण केव्हाच निकालात निघाले आहे, अशी त्याची समजूत असते. सांतोरिनीत ते निकालात निघालेले नाही. कॅल्डेऱ्याच्या मधोमध नेआ कामेनी नावाचे काळेकुट्ट बेट १९५०च्या उद्रेकानंतर स्वस्थ बसले आहे, आणि पांढरीशुभ्र जहाजे त्याच्या अवतीभोवती उभी राहून नाश्ता वाढत असतात.

येथेच दोन वर्गांची फारकत होते. सहल घेतलेल्यांच्या होड्या सहसा आधी सुटतात व अथिनिओस या बंदराला लागतात, जेथून वळणावळणाचा मोटाररस्ता वर जातो आणि वातानुकूलित बस दारे उघडून उभी असते. स्वतंत्र प्रवाशाला फिरा या मुख्य गावाच्या थेट खाली उतरवले जाते. त्याच्या पुढ्यात सुमारे २२० मीटर उंचीचा कडा असतो, कड्याच्या माथ्यावर चुन्याच्या फराट्यासारखे गाव असते, आणि वर जाण्याचे मार्ग तीन असतात: रोपवे, खेचर आणि स्वतःचे पाय.

नोमिकोस या जहाजमालक घराण्याच्या न्यासाने बेटाला दिलेला हा रोपवे १९८०च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे. त्याच्या एका माळेत सहा पाळणे व प्रत्येक पाळण्यात सहा माणसे, म्हणजे एका खेपेला ३६ जण सुमारे तीन मिनिटांत वर पोहोचतात, हे ऐकून प्रवासी निश्चिंत होतो. वास्तविक तीन हजार प्रवाशांचे एक जहाज रिकामे करायला अशा ८४ खेपा लागतात आणि कॅल्डेऱ्यात त्या दिवशी जहाजे एकाहून अधिक असू शकतात, हा साधा भागाकार त्याने होडीतच करायला हवा होता. रोपवेच्या उत्पन्नातला काही वाटा खेचरवाल्यांना देण्याची व्यवस्था पूर्वीपासून आहे, कारण यंत्राने त्यांच्या पोटावर पाय आणला होता. त्यामुळे प्रवाशाने कोणतेही वाहन निवडले तरी खेचरवाल्याचे फारसे बिघडत नाही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

खेचराविषयी ग्रीक शासनाने २०१८ साली एक सूचना काढली. तीनुसार या जनावरांवर शंभर किलो किंवा जनावराच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक भार लादता येत नाही. आठवडाभर जहाजावरच्या अखंड बुफेचा लाभ घेतलेल्या गृहस्थाला ही सूचना वैयक्तिक टीकेसारखी वाटणे स्वाभाविक आहे. तो ‘मुक्या जनावराचे हाल नकोत’ असे पत्नीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो आणि पायऱ्यांकडे वळतो. पायऱ्या जवळजवळ सहाशे असून दगडगोट्यांनी बांधलेल्या, रुंद, किंचित उतरत्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुरांनी घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. त्यांवर जे पडलेले असते त्याच्यामुळे कॅल्डेऱ्याच्या जगप्रसिद्ध देखाव्याकडे पाहण्याची संधी चढताना मिळत नाही, दृष्टी पायाखालीच ठेवावी लागते. ज्यांचे हाल टाळले ती खेचरे दर पाच मिनिटांनी घंटा वाजवीत मागून येतात, अंगाला अंग घासून पुढे जातात, आणि कोपऱ्यावर थांबून या धापा टाकणाऱ्या भूतदयावाद्याची वाट अडवतात.

फिऱ्याला पोहोचल्यावर बहुसंख्य प्रवासी ईया या गावाकडे वळतात, कारण निळ्या घुमटांची जी छायाचित्रे जगभरच्या दिनदर्शिकांत छापलेली असतात ती बहुतांशी तेथली आहेत. सच्चा स्वतंत्र प्रवासी मात्र ईयाचे नाव निघताच स्मित करतो. त्याने पिर्गोस निवडलेले असते. बेटाच्या अंतर्भागात एका टेकडीभोवती गुंडाळलेले हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत राजधानी होते व ते ‘गर्दीपासून दूर’ असल्याचे त्याने वाचलेले असते. हीच ओळ आणखी किती जणांनी वाचली असावी, हा प्रश्न त्याला बस स्थानकावर पडतो. पेरिसाच्या किनाऱ्याकडे जाणारी बस पिर्गोसवरून जाते. वाहक दारात उभा राहून गावांची नावे एका दमात ओरडतो, तिकीट गाडीतच रोख पैसे घेऊन देतो, आणि त्याच्या आवाजातली घाई अशी असते की एसटीवर पोसलेल्या मराठी माणसाला परदेशात प्रथमच आपण योग्य जागी आलो आहोत असे वाटते. युरोपीय प्रवासी रांग शोधत असताना तो खिडकीची जागा पटकावून मोकळा झालेला असतो.

बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या द्राक्षमळ्यांना तो द्राक्षमळे म्हणून ओळखत नाही, यात त्याचा दोष नाही. नाशिक-सांगलीकडे वेल मांडवावर चढवलेला असतो. येथे तो जमिनीवरच गोलगोल वळवून टोपलीसारखा विणतात व द्राक्षांचे घड त्या टोपलीच्या आत धरतात. या पद्धतीला कुलूरा म्हणतात. बेटावर वारा सोसाट्याचा, ऊन कडक आणि पाऊस जेमतेम असल्याने घडांना आडोसा मिळावा व समुद्रावरून रात्री येणारा ओलावा टिकावा, हा तिचा हेतू असतो. असिर्तिको ही येथील मुख्य जात. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड या ज्वालामुखी मातीत जगू शकली नाही, म्हणून अनेक वेलींची मुळे फार जुनी आहेत. स्वतंत्र प्रवाशाला हे सांगणारे कोणी सोबत नसते. तो खिडकीतून पाहतो आणि ‘इकडे शेती काही दिसत नाही’ असा निष्कर्ष वहीत टिपतो.

पिर्गोसची मौज वर चढताना सुरू होते. टेकडीच्या माथ्यावर कास्तेली आहे. व्हेनिसच्या सत्तेच्या काळात चाच्यांपासून रक्षणासाठी बेटावर ज्या पाच तटबंद वस्त्या उभ्या राहिल्या त्यांतली ही एक. वेगळा तट न बांधता कडेच्या घरांच्या मागच्या भिंतीच एकमेकींना जोडून तट साधायचा, आत शिरायला एकच दार ठेवायचे आणि गल्ल्या मुद्दाम अरुंद व फसव्या करायच्या, म्हणजे आत घुसलेला परका माणूस गोंधळून जावा, अशी ही रचना होती. १९५६च्या जुलैतील भूकंपाने कास्तेलीची बरीच पडझड केली. गल्ल्यांची परक्याला गोंधळवण्याची क्षमता मात्र अबाधित राहिली. चाचे येईनासे झाल्यापासून तिचा प्रयोग क्रूझच्या प्रवाशांवर होतो.

मुख्य अडचण अशी की येथे एकाचे छप्पर ते दुसऱ्याचे अंगण असते. चुना फासलेल्या चार पायऱ्या चढल्यावर आपण सार्वजनिक रस्त्यावर आहोत की कोणाच्या स्वयंपाकघरावर, हे कळण्याची खूण नाही. प्रवासी फोनवरच्या नकाशातला निळा ठिपका पाहतो. उंच भिंतींमुळे तो ठिपका कधी चर्चच्या घुमटावर तर कधी दरीत जाऊन बसतो. अखेर एका वळणावर वाट संपते आणि समोर दोरीवरचे कपडे, तुळशीच्याच कुळातल्या बेसिलचे तुपाच्या जुन्या डब्यात लावलेले झाड, एक मांजर आणि काळ्या वस्त्रांतली एक वृद्धा दिसते. वृद्धा उंबऱ्यापुढची फरशी धूत असते. प्रवासी हातातला फोन तिच्यापुढे धरून तोंडाने ‘कास्तेली?’ असे विचारतो. ती मान किंचित मागे टाकते, भुवया उचलते व जिभेने ‘च्च’ असा आवाज काढते. ग्रीसमध्ये याचा अर्थ ‘नाही’ असा असून तो समजायला मराठी माणसाला दुभाष्या लागत नाही. त्याच्या घरी निम्मे संभाषण याच आवाजावर चालते. मग ती मान वर न करताच खराट्याने आधी तो आला त्या दिशेला, नंतर वर, आणि शेवटी त्याच्या बुटांकडे निर्देश करते. बुटांवर फिऱ्याच्या पायऱ्यांचा पुरावा असतो आणि फरशी नुकतीच धुतलेली असते. कास्तेली विचारली जाते तेव्हा तो बहुधा कास्तेलीतच उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

माथ्यावरून बेटाच्या दोन्ही बाजू दिसतात, चर्चचे घुमट दिसतात, दक्षिणेला प्रोफितिस इलियास हा बेटाचा सर्वांत उंच डोंगर दिसतो. चर्चना कुलुपे असतात. घुमटांची निळाई पूर्वी चुन्यात कपड्यांना घालायची नीळ कालवून साधत, हे कळल्यावर त्या दैवी रंगाविषयीचा आदर कमी होत नसला तरी काहीसा घरगुती होतो. पिर्गोसचा खरा दिवस गुड फ्रायडेचा. त्या रात्री गच्च्या, जिने आणि भिंती यांवर पत्र्याच्या डब्यांत हजारो दिवट्या पेटवतात व सबंध टेकडी उजळून निघते. क्रूझचा प्रवासी तेथे दुपारी, भर उन्हात आणि अन्य महिन्यात पोहोचतो. त्यातच दुपारी तीनच्या सुमारास गाव विश्रांतीसाठी मिटते. वामकुक्षीबद्दल पुणेकरांची जगभर चेष्टा होते, परंतु ग्रीक बेटांवर हीच गोष्ट संस्कृती म्हणून वाखाणली जाते, असे निरीक्षण येथे नोंदवून ठेवणे अवश्य आहे.

मिटण्यापूर्वी चौकातल्या काफेनिओत, म्हणजे गावातल्या पुरुषमंडळींच्या पिढीजात कॉफीघरात, बसता आले तर उत्तम. ग्रीक कॉफी लांब दांड्याच्या लहान भांड्यात पूडसकट उकळतात व साखर आधीच घालतात, म्हणून ती मागतानाच बिनसाखरेची (स्केतो), बेताची (मेत्रिओ) की गोड (ग्लिको) हे सांगावे लागते. गाळ तळाशी बसू द्यायचा व वरची कॉफी तासभर पुरवायची असते. शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे तसेच करतात. प्रवासी घड्याळ पाहत चार घोटांत कप संपवतो, शेवटच्या घोटाबरोबर गाळ तोंडात घेतो आणि म्हाताऱ्यांकडे पाहून कौतुकाने मान हलवतो.

जेवणात शाकाहारी माणसाची येथे आबाळ होत नाही. टोमॅटोची भजी मिळतात, पांढरी वांगी मिळतात, आणि फाव्हा मिळतो. फाव्हा म्हणजे बेटावर पिकणारी पिवळी डाळ शिजवून घोटून केलेला, वर कच्चा कांदा व ऑलिव्ह तेल घातलेला, चमचा उभा राहील इतका घट्ट पदार्थ. पहिल्या घासालाच मराठी माणूस त्याला वरण म्हणून ओळखतो आणि भात कुठे आहे हे पाहू लागतो. ही डाळ वनस्पतिशास्त्रदृष्ट्या विदर्भातल्या लाखोळीच्या गोत्रातली आहे. लाखोळीच्या विक्रीवर महाराष्ट्रात अनेक वर्षे बंदी होती, आणि तिच्या या चुलत बहिणीला युरोपीय संघाने नामसंरक्षण देऊन काचेच्या बशीत बसवले आहे. सोयरिकीत असे भेद पडतात.

या साऱ्या येण्याजाण्याकडे बेट कसे पाहते, हेही पाहायला हवे. सुमारे साडेपंधरा हजार वस्तीच्या या बेटाने क्रूझच्या प्रवाशांसाठी दिवसाला ८,००० ही मर्यादा ठरवली. तरीही २०२४च्या जुलैत एका गर्दीच्या दिवशी रहिवाशांनीच शक्यतो घराबाहेर पडू नये, असे आवाहन एका स्थानिक पदाधिकाऱ्याने समाजमाध्यमावर केले व टीकेची झोड उठल्यावर ते मागे घेतले गेले. २०२५पासून ऐन हंगामात येथे उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ प्रवाशावर २० युरो शुल्क लागते. ते जहाजाच्या बिलात येत असल्यामुळे सहलवाला आणि स्वतंत्र या दोघांनाही सारखेच भरावे लागते. भेद न करणारी ही दिवसभरातली एकमेव यंत्रणा.

परतीच्या वेळी खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो. पिर्गोसहून येणारी बस भरून आलेली असेल तर ती थांबत नाही. फिऱ्याला पोहोचावे तर रोपवेची रांग गल्लीत वळून सोनारांच्या दुकानांपर्यंत आलेली असते, कारण त्या दिवशीच्या सगळ्या जहाजांच्या शेवटच्या होड्यांची वेळ मागेपुढे असते. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिची वाट पाहते. स्वतंत्र प्रवासी उशिरा आला तर त्याने पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे, असा जगभरचा शिरस्ता आहे. सकाळी दैन्यवाणे वाटलेले छातीवरचे ते स्टिकर या घटकेला विमापत्र असते. स्वतंत्र प्रवासी सहाशे पायऱ्या उतरतो. खेचरेही आता खाली निघालेली असतात, आणि दिवसाचे काम संपल्याने त्यांना त्याच्याहून अधिक घाई असते.

रात्री जेवणाच्या टेबलावर तो आपण पिर्गोस नावाच्या एका अनवट गावी जाऊन आल्याचे जाहीर करतो. समोरचे नागपूरकर दांपत्य आनंदाने सांगते की त्यांच्याही सहलीत पिर्गोस होते. गाइडने कास्तेली फिरवून दाखवली, कुलूरा म्हणजे काय ते सांगितले, वाइनची चव दिली, आणि स्वच्छतागृह बसथांब्याजवळच होते. शेवटचे वाक्य ऐकून स्वतंत्र प्रवासी काही काळ बोलत नाही. त्या एका सोयीसाठी त्याने गावात दोन वेळा कॉफी घेतलेली असते. मग तो मेनूकार्डाच्या मागे सहलीची किंमत लिहितो, तीतून बसचे तिकीट, फाव्हा, दोन कॉफ्या आणि बूट पुसायला घेतलेल्या कागदी रुमालांचे पाकीट वजा करतो, आणि बचतीचा आकडा निघताच तो अधोरेखित करून नागपूरकरांना वाचता येईल असा कागद फिरवून ठेवतो.