शॉर्ट कॉर्नर काका

पुण्यात प्रत्येक भागाला आपापला एक जाणकार असतो. सदाशिव पेठेतला गाण्यावर बोलतो, कोथरूडचा दुसऱ्याच्या पार्किंगवर, औंधचा अमेरिकेतल्या मुलावर. खडकीचा जाणकार हॉकीवर बोलतो. म्हणजे बोपोडीचा सिग्नल, मेट्रो, कॅन्टोन्मेंटची घरपट्टी, फुटलेले पक्ष असं सगळंच त्याच्या बोलण्यात येतं, पण येतं ते हॉकीच्या मैदानावरूनच. आमच्या इथल्या या गृहस्थांना अख्खा खडकी बाजार शॉर्ट कॉर्नर काका म्हणतो. त्याला आता पेनल्टी कॉर्नर म्हणतात, असं एका कॉलेजकुमाराने त्यांना सुचवून पाहिलं. त्याला काकांनी आजतागायत चहा पाजलेला नाही.

काका ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. फॅक्टरीच्या टीममध्ये आपण सेंटर हाफ होतो, असं ते सांगतात. त्यांच्या वेळचे एक-दोन म्हातारे अजून बाजारात दिसतात, ते म्हणतात, "होता की. राखीवमध्ये होता." गुडघा मात्र खेळातच गेला, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. कुठल्या मॅचमध्ये गेला, हे ऐकणारा कोण आहे त्यावर ठरतं. ऐकणारा लष्करातला असेल तर सॅपर्सविरुद्ध, रेल्वेतला असेल तर रेल्वेविरुद्ध.

खडकीला हे वेड लागावं यात नवल नाही. गाव लष्कराचं, दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा, आणि जिथे पलटण तिथे हॉकी. धनराज पिल्ले इथलाच. कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका बांधून खेळलेला हा पोरगा पुढे चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप आणि चार एशियाड खेळला. धनराजला पहिल्यांदा आपणच हेरलं, असं म्हणणारी माणसं खडकीत इतकी आहेत की त्यांचीच एक स्वतंत्र लीग भरवता येईल. काका त्यात नाहीत. ते म्हणतात, "मी नाही बाबा हेरला. मी त्याला 'अभ्यास कर' म्हणून सांगितलं होतं." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या बाकीच्या थापा ऐकून घेतो.

इतिहासही ते याच खिडकीतून पाहतात. 5 नोव्हेंबर 1817 ला इथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. बापू गोखल्यांच्या घोडदळाची चढाई दलदलीत अडली आणि डाव फिरला. काकांचं त्यावरचं मत पक्कं आहे. "फॉरवर्ड लाइन जोरात होती रे! पण ग्राउंड बघून खेळायचं असतं. ओल्या मैदानावर कुणी एवढा मोठा थ्रू पास टाकतं होय?"

त्यांचा खरा प्रयोग मात्र 15 मार्च 1975 चा. क्वालालंपूर, वर्ल्ड कप फायनल, समोर पाकिस्तान. जसदेव सिंगांची कॉमेंट्री त्यांनी रेडिओवर ऐकली होती आणि ती ते इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलावर डोळ्यांसमोर उभी करतात. बन मस्क्याची बशी म्हणजे डी. साखरेचं भांडं म्हणजे गोलकीपर. चमचा उलटा धरला की स्टिक, आणि बॉल म्हणून शेंगदाणा. सुरजित सिंगचा बरोबरीचा गोल ते सौम्यपणे करतात. मग अशोककुमार, ध्यानचंदांचा मुलगा, आत घुसतो, तेव्हा काका अर्धे उभे राहतात आणि इराण्याचा पोऱ्या सवयीने साखरेचं भांडं उचलून घेतो. "पोस्टाला आतून लागला आणि बाहेर आला! ते लोक म्हणाले गोल नाही. अंपायरने काय केलं? तिथल्या तिथे गोल दिला. दोन-एक!" शेंगदाणा तोवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या चहात गेलेला असतो. दिल्लीच्या 1982 च्या एशियाडमध्ये याच पाकिस्तानने आपल्याला सात-एक असं धुतलं, त्याचा विषय निघाला की काकांना एकदम औषधाची वेळ आठवते.

सगळ्या अधोगतीचं मूळ त्यांच्या मते 1976 साली मॉन्ट्रियलला आहे. ऑलिंपिकची हॉकी तिथे पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. "मनगटाचा खेळ होता, फुप्फुसाचा केला." मॅचच्या आधी टर्फवर पाण्याचे फवारे मारतात, हे तर त्यांना सहनच होत नाही. नळाला पाणी नसेल त्या दिवशी ते विचारतात, "बॉल घसरावा म्हणून पाणी आहे, माणसाला अंघोळीला नाही?" टोकियोला 41 वर्षांनी ब्राँझचं का होईना पदक आलं, तेव्हा याच काकांनी याच टर्फवरच्या टीमसाठी बाजारात पेढे वाटले. पॅरिसला ग्रेट ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं, दहा जणांनी चाळीसहून जास्त मिनिटं तग धरला आणि श्रीजेशने शूटआऊटमध्ये सामना काढला, तेव्हा ते टीव्हीसमोर उभेच होते. काकू म्हणतात, त्या रात्री गुडघा एकदाही दुखला नाही.

गावातल्या प्रश्नांवर ते तितकेच ठाम असतात. बोपोडीचा रस्ता वर्षानुवर्षं रुंद होत नव्हता, कारण एका बाजूला लष्कराची जमीन, दुसऱ्या बाजूला महापालिका. काका तेव्हा म्हणायचे, "दोघेही डिफेन्सलाच उभे. पुढे खेळणार कोण?" हॅरिस पुलाच्या अलीकडे पुणे, पलीकडे पिंपरी-चिंचवड. पुलावर खड्डा पडला की तो आधी कुठल्या हाफमध्ये आहे ते पाहायला ते स्वतः जातात. मेट्रोवर त्यांचा राग नाही. फक्त खांब मैदानाच्या मधोमध रोवलेत असं त्यांना वाटतं.

राजकारणावर बोलायला लागले की मात्र त्यांचा आवाज चढतो. 2019 च्या पहाटेच्या शपथविधीला ते अजून 'बुली होण्याआधीच मारलेला गोल' म्हणतात. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी. काका कुठल्याच बाजूचे नाहीत, त्यांचा आक्षेप नियमांचा आहे. "आमच्यातसुद्धा खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. पण आत जाणारा आणि बाहेर येणारा एकाच टीमचा असतो रे! इथे बाहेर येतो, समोरच्यांचा टी-शर्ट घालतो आणि परत आत जातो. वर म्हणतो, खरी टीम मीच." जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला आणि शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्या दिवशी काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दीड वर्ष रेफरल चाललं. आणि कार्ड कुणालाच नाही. साधं हिरवंसुद्धा नाही. दोन मिनिटं तरी बाहेर बसवायचं!" हॉकीतला ऑफसाइडचा नियम नव्वदच्या दशकात काढून टाकला, त्याला त्यांचा विरोध होता. राजकारणातून तो कधी काढला हे कुणी कळवलंच नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

1 ऑक्टोबर 2021 ला देशातल्या 41 आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या केल्या. त्यातली दारूगोळ्याची कंपनी खडकीच्या वाट्याला आली. काकांना पेन्शनीपेक्षा टीमची काळजी पडली. "आता जर्सीवर नाव कुठलं घालायचं?"

हे सगळं ऐकून करमणूक होते, मीही हसतो. पण काका राहतात कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत. तिथली शेवटची निवडणूक जानेवारी 2015 मध्ये झाली. पुढची 30 एप्रिल 2023 ला ठरली होती, उमेदवारांनी फ्लेक्सही छापले होते, आणि मार्चमध्येच ती रद्द झाली. विधानसभेला, लोकसभेला काका मत देतात, पण दारातली गटार कुणी साफ करायची हे ठरवणाऱ्या माणसाला निवडायची संधी त्यांना इतकी वर्षं मिळालेली नाही. पलीकडे पुणे महापालिकेतही मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता. म्हणून काका इराण्याच्या टेबलावर रोज सभा भरवतात. आवाज मोठा आहे, माहिती कधी अर्धी असते, सॅपर्सविरुद्धचा गुडघा तर सरळ खोटा आहे. तरी गटारीची तक्रार लेखी देऊन पोच घेणारा आमच्या गल्लीत हा एकच माणूस आहे.

तेव्हा पुढच्या निवडणुकीची तयारी करणाऱ्या इच्छुकांना एक विनंती. आमदार चषक, नगरसेवक चषक, भावी नगरसेवक चषक असे टेनिस बॉल क्रिकेटचे सामने पुष्कळ झाले. खडकीत एखादा हॉकीचा भरवून बघा. बक्षीस कमी असलं तरी चालेल, डीजे नसला तर उत्तम. अंपायरिंग काका फुकट करतील. फक्त कार्ड दाखवलं की मुकाट्याने बाहेर बसायची तयारी ठेवा.