काकू, कोपरं वाकवा!

सायकलवर मी कशी दिसते याची माझ्या मनात एक पक्की तसबीर आहे. पाठ जमिनीला समांतर, कोपरं किंचित वाकलेली, नजर पुढच्या वळणावर आणि चेहऱ्यावर आल्प्स चढणाऱ्यांचं ते दुःखी, देखणं वैराग्य. प्रत्यक्षात मी बोपदेव घाट चढत असते आणि मागून येणाऱ्या नवऱ्याच्या मते, बँकेच्या खिडकीत पासबुक भरायला वाकलेल्या बाईसारखी दिसते. नवऱ्याला सौंदर्यदृष्टी नाही. हे लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

ही तसबीर खरी करण्यासाठी मी पुष्कळ सोसलं. शर्यतीतल्या लोकांचं हँडल सॅडलपेक्षा बरंच खाली असतं, म्हणून मीही स्टेमखालचे स्पेसर काढून वर चढवले आणि हँडल खाली आणलं. फोटोत सायकल फारच सुंदर दिसू लागली. मी बसले की फोटो बिघडायचा. मान अवघडायची. सगळा भार तळहातांच्या बाहेरच्या कडेवर यायचा, तिथून जाणारी नस दबायची आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. शिवाय ड्रॉप्स धरून वाकलं की प्रत्येक पायडलला गुडघा वर येऊन पोटाची विचारपूस करायचा. शर्यतीवाल्यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांच्याकडे विचारपूस करण्याजोगं पोट नसतं. पण दुखतंय त्या अर्थी व्यायाम होतोय, असं माझं तत्त्वज्ञान होतं आणि मी त्यावर ठाम होते.

शेवटी लेकीनं बाइक फिट करून देणाऱ्या एका मुलाकडे वेळ ठरवली. त्यानं फोनवर सांगितलं, येताना इनसीम मोजून आणा. इनसीम म्हणजे पायाची आतल्या बाजूनं उंची. ती मोजायची रीत सोपी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत थोडं अंतर ठेवायचं, मध्ये पुठ्ठाबांधणीचं जाड पुस्तक कणा वर करून धरायचं, सॅडलवर बसल्यागत वर दाबायचं आणि कण्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची.

सगळं ठीक आहे, पण पुस्तक कोणतं? चुकून पुस्तकाला पाय लागला तर आमच्या घरात अजूनही नमस्कार करतात. इथे तर ते ठरवून पायांत धरायचं होतं. ज्ञानेश्वरी आणि दासबोध ज्या कप्प्यात आहेत तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही. मराठी विश्वकोशाचे खंड मापाला उत्तम, पण तर्कतीर्थांनी आयुष्याची इतकी वर्षं त्याच्या संपादनाला दिली ती काय यासाठी? शिवाय तो खंड सुटून पायावर पडला असता तर सायकलिंगचा प्रश्न कायमचाच मिटला असता. मोल्सवर्थचा कोश साहेबाचा म्हणून हातात घेतला, पण आत सगळे आपलेच शब्द. ‘रुचिरा’ आईनं लग्नात दिलेली. तिच्यातून घराला जेवायला मिळालेलं आहे. दिवाळी अंक जाड असतात, पण ती जाडी जाहिरातींची. कणा म्हणाल तर नाहीच. कवितासंग्रह फार बारीक, आणि त्यातले निम्मे कवी ओळखीचे. लेक म्हणाली, “आई, लॅपटॉप धर.” अखेर नवऱ्याच्या कपाटात आयकर कायद्याचं एक जुनं, कापडी बांधणीचं, विटेसारखं ताठ पुस्तक सापडलं. त्याला पायांत धरताना मनाला कसलीही टोचणी लागली नाही. उलट थोडं समाधानच झालं.

इनसीम चौऱ्याहत्तर सेंटिमीटर भरली. मी खूश! दुसऱ्या दिवशी त्या मुलानं स्वतः मोजली, तर बहात्तर. वरचे दोन सेंटिमीटर माझ्या अहंकाराचे होते. पाय लांब भरावेत म्हणून पुस्तक मी जरा जास्तच निष्ठेनं दाबलं होतं.

त्यानं बहात्तरला 0.883 नं गुणलं. हा आकडा टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडमुळे जगभर पसरला. गुणाकार येतो तेवढं अंतर क्रँकच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. माझं आलं साडेत्रेसष्टच्या किंचित वर. माझी सॅडल त्याहून चांगलीच खाली होती, कारण सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत ही पुण्यात जगण्याची अट आहे असं मी मानत होते. “काकू, थांबताना सॅडलवरून पुढे उतरायचं असतं,” तो म्हणाला. “सॅडल खाली असली तर गुडघा पुढून दुखतो. फार वर गेली तर मागून दुखतो आणि कंबर डुलते.” हेल्मेट, गॉगल, लायक्रा अशा संपूर्ण वेशात असताना त्यानं मला काकू म्हणून कसं ओळखलं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

मग सायकल ट्रेनरवर चढवून त्यानं माझ्या खुब्याला, गुडघ्याला, घोट्याला ठिपके लावले आणि बाजूनं व्हिडिओ घेतला. “काकू, कोपरं वाकवा.” मी म्हटलं, वाकलेलीच आहेत. त्यानं व्हिडिओ दाखवला. पासबुक.

मनाचं समाधान करायला मी थोरामोठ्यांकडे वळले. पाच वेळा टूर जिंकणारा एडी मर्क्स 1969 मध्ये ब्ल्वा इथल्या ट्रॅकवर पडला. त्यानंतर त्याची पाठ कधी पूर्ववत झाली नाही आणि तो पुढे कारकीर्दभर सॅडल मिलिमीटरनं वरखाली करत राहिला. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनं 1993 मध्ये हात छातीखाली दुमडून, एका तासात 51.596 किलोमीटर कापून विक्रम केला. पुढच्याच वर्षी त्या आसनावर बंदी आली. माझ्या आसनावर अजून कोणी बंदी घातलेली नाही, एवढं मी नवऱ्याला ऐकवलं.

यानंतर त्या मुलानं मला एका पन्हाळीदार पुठ्ठ्यावर बसवलं. उठल्यावर दोन खळगे दिसले. बसण्याच्या हाडांमधलं अंतर म्हणजे त्या खळग्यांमधलं अंतर. सायकलीबरोबर आलेली सॅडल त्या मानानं अरुंद निघाली, म्हणजे इतके दिवस मी हाडांवर बसतच नव्हते. जिथे बसत होते ते विनोदी लेखात लिहिता येत नाही. हँडल 42 सेंटिमीटरचं होतं, माझ्या खांद्यांना 38 पुरतं. स्टेम 110 मिलिमीटरची, हवी 80 ची. क्रँक 170 च्या जागी 165. आणि ब्रेकच्या लीव्हरपाशी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लीव्हर हँडलजवळ येतं. घाट उतरताना मी आजवर बोटं ताणून कशीबशी ब्रेक धरत होते. स्क्रू पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

इथे मात्र मला हसू येईना. सायकल घेताना दुकानदाराला मी विचारलं होतं, हात फार लांब जातोय का हो? तो म्हणाला होता, “सवय होईल.”

सवय तर झालीच होती. माझ्या आईची उंची चार फूट दहा इंच. तिच्या ओट्याची उंची गवंड्यानं ठरवली, आणि गवंडी काही त्या ओट्यावर पोळ्या लाटणार नव्हता. आई जन्मभर पाटावर उभी राहून लाटत आली. पाहुणे आले की पाट जेवायला जायचा आणि ती टाचा उंचावून लाटायची. उतारवयात खांदा धरला तेव्हा डॉक्टर वयाचं म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. ओटा चार इंच खाली करता येतो, हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही, माझ्याही नाही. मी तिच्या हाताखाली इंजिनियर झाले होते.

तर मैत्रिणींनो, आणि पोटवाल्या मित्रांनो, नवी चाकं, कार्बनची बाटलीदाणी वगैरे घेण्याआधी एवढं करा. टाच पायडलवर ठेवून उलटं फिरवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला की सॅडलची उंची साधारण जमली. स्पेसर परत स्टेमखाली घाला. एका वेळी एकच बदल करा आणि जुन्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवा. पुस्तक आयकराचंच घ्या. आणि दुकानदार “सवय होईल” म्हणाला, तर पैसे पाकिटातच राहू द्या आणि त्याला सांगा, “सवय पुष्कळ आहे. माप घ्या.”