मीठ लावून किती वेळ?

आमची पुतणी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. त्या गावात आपली माणसं इतकी आहेत की आपण परदेशात आहोत, हे तिथल्यांना थंडी पडल्यावरच आठवतं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतो, तेव्हा तिच्याकडे ओळखीची चार घरं जेवायला जमतात. इतकी वर्षं बिर्याणी आणि गुलाबजामवर भागत होतं. पण मुलं शाळेत जायला लागली आणि ‘सगळ्यांच्या घरी टर्की असते, आपल्याच घरी नसते’ असं गाऱ्हाणं सुरू झालं. शेवटी तिनं सात किलोचा एक पक्षी आणला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला : ‘भाजायच्या आधी हा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात म्हणे. किती तास ठेवू?’

आमच्या संभाजीनगरच्या गोतावळ्यात टर्की कोणी शिजवलेली नाही. बहुतेकांनी ती जिवंतही पाहिलेली नाही. तरीही तासाभरात उत्तरांचा ढीग झाला.

पैठणच्या आत्यांनी लिहिलं, ‘रात्रभर.’ आत्यांचं हे ठरलेलं उत्तर आहे. साबुदाणा, हरभरे, नवीन माठ, रुसलेला जावई, सगळ्यावर त्यांचा एकच उपाय : रात्रभर तसंच ठेवा, सकाळी बघू. वहिनी म्हणाल्या, ‘अर्धा तास पुरे, मंद आचेवर ठेव, आपोआप शिजतं.’ एका चुलतभावानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याला काही अर्थ नव्हता, तो सगळ्यालाच तेच टाकतो. निवृत्त अभियंते असलेल्या धाकट्या काकांनी मात्र उत्तर न देता उलट विचारलं, ‘पाणी किती लिटर? मीठ किती टक्के? तापमान किती?’ सगळ्या ग्रुपमध्ये मुद्द्याचे प्रश्न तेवढेच होते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

काका बरोबर होते. टर्कीची मूळ अडचण अशी की तिच्या छातीचं मांस चरबीशिवायचं असतं आणि मांड्यांचं चिवट. मांड्या नीट शिजेपर्यंत छाती कोरडीठाक होते. त्यावर तोड म्हणून मीठ. मीठ मांसात शिरलं की तिथली काही प्रथिनं सैल होतात, धागे फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. मग ओव्हनमध्ये आकसताना त्यातलं पाणी कमी सुटतं. तिकडची सर्वसाधारण रीत अशी की लिटरभर पाण्याला पन्नास-साठ ग्रॅम मीठ घ्यायचं आणि सबंध पक्षी बारा ते चोवीस तास त्यात बुडवायचा, तोही चार अंश सेल्सियसच्या वर जाऊ न देता. पाणी जास्त खारट केलं तर वेळ कमी करायचा. नाहीतर चव बिघडते, आणि मांस टर्कीचं न राहता डब्यातल्या हॅमच्या वळणावर जातं.

सात किलोचा पक्षी आणि किलोभर बोकडाचे तुकडे यांना एकच वेळ का लावता येत नाही, हेही काकांनी सांगून टाकलं. मीठ आत शिरतं ते रांगत रांगत. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला त्याला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे वहिनींचा अर्धा तास रश्श्यातल्या तुकड्याला बऱ्यापैकी लागू आहे आणि आत्यांचा ‘रात्रभर’ सबंध पक्ष्याला. दोघींचंही आपापल्या पातेल्यापुरतं खरं होतं. आमच्या घरातल्या बहुतेक भांडणांचं असंच असतं, फक्त पातेलं कुठलं हे आधी कोणी विचारत नाही.

मग आला पाण्याचा मुद्दा. सात किलोचा पक्षी बुडवायला सात-आठ लिटर तरी पाणी लागतं, आणि ते नंतर ओतून द्यायचं. हे वाचल्यावर ग्रुपवर पहिल्यांदा शांतता पसरली. पैठणचा नाथसागर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण नळाला पाणी रोज येत नाही. ते कधी येणार, यावर आमच्या गल्लीत लग्नाच्या तारखा नसल्या तरी धुण्याच्या तारखा नक्की ठरतात. ज्या गावात तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं, तिथे आठ लिटर पाणी एका पक्ष्याला अंघोळ घालायला वापरायचं! आत्यांनी लगेच विचारलं, ‘मग ते पाणी कशाला वापरायचं?’ कच्च्या मांसाचं पाणी कशालाच वापरायचं नसतं, हे कळल्यावर त्यांच्या मनातून टर्की उतरली ती उतरलीच.

खरं तर पाण्याची गरजच नाही, असं सांगणारा एक पंथ अमेरिकेतही आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या झुनी कॅफेत ज्युडी रॉजर्स कोंबडीला नुसतं कोरडं मीठ चोळून एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवत. २००२ साली त्यांचं पुस्तक आलं आणि पुढे लोकांनी तीच युक्ती टर्कीवर चालवली. मीठ आधी मांसातलंच पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि मग तेच पाणी घेऊन आत जातं. बाहेरचा थेंबही लागत नाही. कातडी कोरडी राहते म्हणून भाजल्यावर कुरकुरीत होते. मला ही पद्धत मराठवाड्यासाठीच काढल्यासारखी वाटते. आमच्याकडे मटणाला हळद-मीठ चोळून ठेवतात, त्याला कोणी शोध म्हणत नाही, एवढंच.

पुतणीच्या प्रश्नाचा निकाल आमच्यापैकी कोणीच लावला नाही. गोठलेला पक्षी फ्रीजमध्ये सुटा व्हायलाच दर दोन किलोमागे जवळजवळ एक दिवस लागतो. तीन-चार दिवस त्यातच गेले. मग बुधवारी ऑफिस किती वाजता सुटतं आणि गुरुवारी माणसं किती वाजता येतात, यांच्यामध्ये जेवढा वेळ उरला तेवढा मुरायला मिळणार होता. आणि बुधवारी संध्याकाळी पिशवी फोडताना तिनं त्यावरची बारीक अक्षरं वाचली : पक्ष्याला कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं होतं. तिथल्या दुकानांतल्या पुष्कळ टर्की अशाच येतात आणि अशांना पुन्हा मिठाच्या पाण्यात ठेवायचं नसतं. ग्रुपवर दोन दिवस चाललेली चर्चा पिशवीवर आधीच छापून आली होती. आत्यांनी लिहिलं, ‘मी म्हणतच होते, तसंच ठेवा.’

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. मुरवायची वेळ पाककृतीत छापलेली असते, पण ती ठरवतं घर. मीठ काय करतं याचं गणित वेगळं, आणि मिठाला वेळ किती मिळतो याचं गणित वेगळं. हे दुसरं गणित बघायचं असेल तर आमच्या शहरासारखं शहर नाही.

इथला नामांकित पदार्थ म्हणजे नान-कलिया, नानसोबत मटणाचा रस्सा. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेच्या पोटासाठी हा पदार्थ जन्मला, असं इथे सगळे सांगतात. खरंखोटं दौलताबादचा किल्ला जाणे. पण गोष्टीत तथ्य धरलं तर एक प्रश्न पडतो : हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत आलेल्या फौजेत मटण मुरवत बसायला फुरसत कोणाला होती? देगी चढवायच्या, खाली लाकडं सारायची आणि मंद आचेवर शिजू द्यायचं. आजही लग्नाच्या पंगतीत कलियाची खरी कमाई होते ती देगीतच. आधी थांबायला वेळ नसेल तर शिजताना थांबावं, हा मार्ग तुघलकाच्या लहरीनं दाखवला असेल, तर त्याच्या नावावर निदान एक तरी शहाणपण जमा करायला हरकत नाही.

आमच्या घरात मात्र खरी परीक्षा धुळवडीला. होळीच्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण, यात बदल नाही. सकाळी उजाडायच्या आत शहागंजातल्या दुकानांपुढे रांगा लागतात. रांगेत डॉक्टर असतात, रिक्षावाले असतात, आणि वर्षभर ‘आम्ही सोडलंय’ असं सांगणारे तर हमखास असतात. तिथे उभं असताना सल्ले फुकट मिळतात. एकजण म्हणतो दह्यात ठेवा, दुसरा म्हणतो दही नको, लिंबू. तिसरा कच्च्या पपईची शपथ घेतो. एका वर्षी मी हा वाद आमच्या मटणवाल्या चाचांपुढे मांडला. ते सुरा चालवता चालवता म्हणाले, ‘साब, कित्ताबी रखो, बुड्ढा बकरा बुड्ढाच रहता.’

चाचांचं म्हणणं पूर्ण खरं नाही, पण पपईवाल्यांपेक्षा ते खऱ्याच्या जवळ आहेत. कच्च्या पपईतला पपेन प्रथिनं तोडतो, हे खरं. पण तो मिठासारखा खोल जात नाही. वरवरच काम करतो, आणि त्याचा जोर सर्वांत जास्त चढतो तो साठ-सत्तर अंशांवर, म्हणजे भांडं चुलीवर गेल्यानंतर. त्यामुळे पपई लावून तासन्‌तास ठेवलेल्या मटणाचा वरचा थर लगदा होतो आणि हाडाजवळचा भाग आपला निबरपणा सोडत नाही. सीख कबाबच्या खिम्यात तिची मजा आहे, कारण तिथे सगळंच वरवरचं असतं. लिंबानं तर मांस आवळून येतं. दही सौम्य, म्हणून त्याचं कोणाशी वैर नाही. आलं-लसूण, मिरची, गरम मसाला ही मंडळी बहुतेक दारातच बसून राहतात. आत जातं ते मीठ. माझ्या मते मुरवण्याच्या लांबलचक याद्यांतल्या निम्म्या वस्तू मिठाच्या श्रेयावर जगतात. हे मी वहिनींपुढे बोललो नाही. त्यांचा काळा मसाला अजून आमच्या घरात सर्वोच्च न्यायालय आहे.

धुळवडीला मुरायला किती वेळ मिळतो? तर रंग निघेपर्यंत. मटण घरी येतं आठ-साडेआठला. त्याला हळद-मीठ आणि आलं-लसणाचं वाटण लागतं तोवर पोरं खालून हाका मारतात आणि कढई सोडून सगळं घर रस्त्यावर जातं. मार्चचं ऊन डोक्यावर असतं, म्हणून पातेलं फ्रीजमध्ये. बारा-साडेबाराला माणसं ओळखू न येण्याच्या स्थितीत परततात. मग अंघोळीचा क्रम लागतो, आणि बादल्या मोजक्या. गुलाल झटकला की जातो, पक्का गुलाबी दोन बादल्या खातो. पण कोणी चंदेरी फासून आला असेल तर तो रॉकेलचा बोळा घेऊन अंगणात बसतो आणि मटणाला आणखी तासभर मिळतो. आमच्या धाकट्या काकांनी याचंही गणित मांडून दाखवलं आहे : तुकडे सुपारीपेक्षा थोडे मोठे असतील तर गुलालाच्या वर्षीही मीठ पोचतं, चंदेरीच्या वर्षी फक्त भूक वाढते.

एकदा मात्र मीठ लावायचंच राहून गेलं. कोणी लावायचं होतं, यावर अजून एकमत नाही. सगळे रंग खेळून आले, तर पातेलं जसंच्या तसं, अळणी. तेव्हापासून वहिनींनी नियम केला आहे : मटण घेऊन येणाऱ्यानं उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर हात धुऊन आधी मीठ लावायचं, मग चहा मागायचा. चहा दिल्याशिवाय मीठ लावणार नाही, असा एक प्रतिनियम काकांनी सुचवला होता. तो एका मताविरुद्ध चार मतांनी मंजूर झाला, आणि ते एक मत वहिनींचं असल्यामुळे लगेच बारगळला.