अण्णांचे ३८ किलोहर्ट्झ

अण्णांच्या दाराला विकतची बेल नाही. हात जवळ नेला की वाजणारी, घरी केलेली बेल आहे. येणारा माणूस हात जवळ नेतो, थोडा थांबतो आणि मग कडी वाजवतो. "वाजेल, वाजेल," अण्णा दार उघडता उघडता म्हणतात, "एक कपॅसिटर बदलायचा राहिलाय." तो राहून सहा वर्षं झाली.

असे अण्णा पुण्यात गल्लीगणिक सापडतात. निवृत्तीनंतर कोणी भजनी मंडळात जातं, कोणी हास्यक्लबात. ही जमात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आणायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाते. दुकानदाराने "किती डझन काका?" विचारलं की "दोन नग" म्हणताना ओशाळत नाही. यांच्या घरी श्रीखंडाचा डबा उघडावा तर आत रेझिस्टन्स निघतात. मी एकदा पुरी हातात धरून उघडलाय, म्हणून सांगतो.

यंदा निमित्त झालं जास्वंदीचं. पहाटे फिरायला निघणारी काही भाविक मंडळी देवासाठी दुसऱ्याच्या बागेतली फुलं नेतात. यात पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होतं देव जाणे. अण्णांनी फाटकाच्या एका खांबावर इन्फ्रारेड एलईडी आणि समोरच्या खांबावर तीन पायांचा रिसीव्हर बसवायचं ठरवलं. मधून कोणी गेलं की किरण तुटणार आणि अण्णांच्या उशाशी बझर वाजणार. किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे चोराला पत्ताच नाही.

पत्ता रिसीव्हरलाही नव्हता. मध्ये कोणी असो नसो, बझर अखंड वाजत होता.

सामान्य माणूस अशा वेळी वैतागतो. अण्णा खुलले. त्यांनी आधी टीव्हीचा रिमोट पळवला. तो रिसीव्हरवर रोखून बटण दाबलं की बझर अडखळे. "रिसीव्हर निर्दोष!" अण्णांनी निकाल दिला. आत काकूंची मालिका ऐन लग्नात आली होती आणि आवाज वाढवायला रिमोट नव्हता, ही बाब खटल्याबाहेरची. मग माझा मोबाइल जप्त झाला. सेल्फीच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर एलईडी फिकट जांभळा उजळलेला. म्हणजे तोही निर्दोष. उरली ५५५ नंबरची आयसी. ही आयसी १९७१ साली हान्स कामेनझिंड या स्विस गृहस्थाने आखली, आणि अण्णा तिच्याबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोलतात: कौतुकाने, पण नजर ठेवून. तिने एलईडी सेकंदाला ३८ हजार वेळा चालू-बंद करायचा. रिसीव्हर तेवढीच लय ओळखतो, उन्हातलं आणि दिव्यातलं बाकीचं इन्फ्रारेड सोडून देतो. दोन दिवस हिशेब झाले. तिसऱ्या दिवशी काकूंनी चष्मा पुसून दिला, तेव्हा कळलं की कपॅसिटर १०२ नव्हे, १०३ नंबरचा होता. शेवटच्या एका आकड्याने दहापट फरक. ३८ हजारांच्या जागी जेमतेम चार हजार.

कपॅसिटर बदलला. बझर गप्प झाला. अण्णांनी चहा मागवला, आणि कप ओठाला लागतो न लागतो तोच बझर पुन्हा सुरू.

"ही खरी गंमत आहे," अण्णा मला म्हणाले. त्यांचा चेहरा नातवाच्या बारशाला होता तसा झाला होता. "हा रिसीव्हर रिमोटसाठी केलेला. रिमोट थांबून थांबून बोलतो. एकसारखं ३८ किलोहर्ट्झ आलं की याला तो गोंगाट वाटतो, मग तो कानच बंद करतो."

"अगदी तुमच्यासारखा," आतून काकू म्हणाल्या.

अण्णांना ते ऐकू गेलं नाही.

त्यावर उपाय म्हणून दुसरी ५५५ आली, पहिलीला थोडं बोलायला लावून थोडं गप्प करणारी. आता बझर शांत राहिला, पण इतका, की अण्णा स्वतः फाटकात आडवे उभे राहिले तरी वाजेना. किरण म्हणे बाजूच्या पांढऱ्या भिंतीवरून उलटून, अण्णांना वळसा घालून पोचत होता. शेवटी एलईडी आणि रिसीव्हर दोघांनाही काळ्या पाइपचे तुकडे घातले, घोड्याला झापडं लावतात तसे. संध्याकाळी दूधवाला आत आला आणि बझर वाजला. त्याला आत-बाहेर अकरा फेऱ्या मारायला लावल्या. अकराही वेळा वाजला. मला वाटलं अण्णा पेढे वाटतील. ते जरा उदासच दिसले.

पुढचे चार दिवस पहाटे बझर वाजला नाही, आणि झाडावर एक फूल उरलं नाही. अण्णांची कळी पुन्हा खुलली. पाचव्या दिवशी मला साडेचारला उठवून खिडकीत बसवलं. सव्वापाचला माकडटोपीतले एक गृहस्थ आले. रस्त्यावरच उभे राहिले, छत्रीच्या मुठीने कंपाउंडवरची फांदी ओढली, सावकाश मोजून फुलं तोडली, झाडाला नमस्कार केला आणि चालते झाले. फाटकाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी उठून ओरडणार, तेवढ्यात अण्णांनी माझा हात दाबला.

"पाहिलंस?" ते कुजबुजले. "किरण तुटला नाही, म्हणून बझर वाजला नाही. सर्किट एकदम करेक्ट आहे!"