जेवणाआधी लिंडोस

रोड्स बेटावरचं लिंडोस गाव पाहायला अर्धा दिवस पुरतो, हा शोध लावणाऱ्या सहल कंपन्यांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. ग्रीक, रोमन, बायझंटाईन, सेंट जॉनचे सरदार, ऑटोमन अशा सगळ्यांनी इथे शतकं घालवली, इटालियनांनी काही दशकं. वेळेचं नियोजन एकालाही जमलं नाही. आता सकाळी रोड्स शहरातून बस सुटते, पन्नासेक किलोमीटर कापते आणि अथेनाच्या मंदिरासकट सगळं जेवणाआधी उरकतं.

पुढे गाईडची मिटलेली छत्री, मागे घामेजलेल्या टोप्यांची रांग. काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी नक्षी काढलेलं अंगण दिसलं, की त्यावर उभं राहून मंडळी स्वच्छतागृहाची चौकशी करतात. ११६ मीटर उंचीच्या अक्रोपोलिसवर पोचताना लागलेली धाप ओसरते, तोवर परतायची वेळ झालेली असते.

प्राचीन ग्रीसच्या सात शहाण्यांपैकी क्लिओब्युलस याच गावचा. प्रत्येक गोष्टीत प्रमाण राखावं, ही त्याची शिकवण. ती अखेर बसच्या वेळापत्रकाने अमलात आणली.

एकच सूचना. बस चौकात थांबते, ही निव्वळ उधळपट्टी आहे. न थांबता तीन चकरा मारल्या तर प्रदक्षिणेचं पुण्य मिळेल आणि आणखी एक गाव पदरात पडेल.

या शास्त्रात खरा अधिकारी एकच: पर्यटकांना वर वाहून नेणारं गाढव. दिवसातून कितीदा तरी जातं, कशाकडेही बघत नाही, वेळेवर परततं. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो आहे. निवड समितीचं अभिनंदन.