कितल्या काड्या शेतस?

जळगाव-धुळ्यात राउटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "भाऊ, कितल्या काड्या शेतस?" दोन अँटेनांत एक मजला, तर चारमध्ये दोन मजले, हे त्रैराशिक त्याला उपजतच येतं. लहरी किती ताकदीने सोडाव्यात यावर सरकारी मर्यादा आहे, काड्या कितीही असोत. पण खोक्यावर आठ पायांचा कोळी दिसला की मर्यादा कोण विचारतो!

घर बांधताना याच माणसाने ठेकेदाराला बजावलेलं असतं की स्लॅबमध्ये सळई कमी पडता कामा नये. पडलीही नाही. आता त्या लोखंडी जाळीतून ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटरची लहर वरच्या मजल्यावर सुखरूप पोचावी, ही अपेक्षा. २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा सेंटिमीटरची लहर भिंतीत कमी मुरते, धीमी असली तरी पोचते. पण तिला 'स्लो' म्हणून सेटिंगमध्येच बंद केलेलं. आणि राउटर? खालच्या बैठकीत, गोदरेजच्या कपाटामागे. शोभा जाते म्हणून.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की बिऱ्हाड गच्चीवर झोपायला जातं आणि रेंजचा विषय निघतो. वर केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा, असं वायरमन सांगतो. पण नव्या रंगाच्या भिंतीवरून वायर? पाहुणे काय म्हणतील?

पाहुणे चपला काढता काढताच पासवर्ड विचारतात.